मोठा ड्रॉप सेटमध्ये किती वेळा वाजवावा?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कॉलेज फेस्टमध्ये आणि छोट्या क्लबांमध्ये वाजवणाऱ्या एका तरुण डीजेचं म्हणणं आहे की मोठा ड्रॉप आला, म्हणजे ताणून धरल्यावर ठोका आणि बेस एकदम परत आले, की फ्लोअर उसळतो, पण चौथ्या-पाचव्या ड्रॉपपर्यंत निम्मे लोक मोबाइल काढतात किंवा पाणी प्यायला वळतात. ड्रॉप कमी केले तर आयोजक विचारतो, एनर्जी कुठे गेली? त्यात जाणकार मंडळी मोठ्या ड्रॉपला सरसकट स्वस्त ठरवून मोकळी होतात. मग ड्रॉप वाजवायचे की नाही, आणि वाजवायचे तर किती?

वाजवायचे. हजारो अनोळखी माणसांनी एकाच क्षणी उडी मारावी असं काही रचणं सोपं नसतं, आणि ज्या निर्मात्यांना ते जमलं त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण ड्रॉप किती मोठा वाटणार हे त्याच्या स्वतःच्या आवाजावर फार थोडं ठरतं. आधीच्या अर्ध्या-एक मिनिटात तुम्ही लोकांकडून काय काढून घेतलंत आणि नंतरच्या दीड-दोन मिनिटांत त्यांना नाचायला काय दिलंत, यावर ते ठरतं. पहिली गोष्ट निर्मात्याने ट्रॅकमध्ये तयार करून ठेवलेली असते, म्हणून ती तुम्हाला आयती मिळते. दुसरी डीजेने करायची असते. चौथ्या ड्रॉपनंतर लोक वळतात ते तिथेच.

आधी त्या आयत्या मिळणाऱ्या भागाकडे नीट बघू. 128 बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला 128 ठोक्यांचा, ट्रॅक धरा. या वेगाला हिशेब फार सोपा आहे: चार ठोक्यांचा एक बार 1.875 सेकंदांचा, आठ बार म्हणजे 15 सेकंद, सोळा म्हणजे 30, बत्तीस म्हणजे बरोबर एक मिनिट. ब्रेकडाउन, म्हणजे ट्रॅकमधला ओसरता भाग, सुरू होतो तेव्हा सर्वांत आधी किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, जाते आणि तिच्याबरोबर बेसचा तळ जातो. उरतात कॉर्ड, एखादा आवाज, भरपूर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. मग बिल्ड-अप, म्हणजे ताण चढवत नेणारा भाग. स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) आधी बारमध्ये चार वेळा वाजतो, मग आठ, मग सोळा, आणि शेवटी त्याचे ठोके वेगळे ऐकूच येत नाहीत, नुसती कुरकुर उरते. खाली हाय-पास फिल्टर सरकत वर जातो, म्हणजे 100 हर्ट्झखालचं सगळं गेलं, मग 200 खालचं, मग 400 खालचं. वरून पांढऱ्या गोंगाटाचा, म्हणजे नुसत्या सळसळीचा, रायझर चढतो. चांगले निर्माते याच वेळी आणखी दोन गोष्टी हळूच करतात, ज्या फ्लोअरवर कुणाच्या लक्षात येत नाहीत: आवाजाची रुंदी कमी करत करत सगळं मध्यभागी आणतात, आणि एकूण पातळी एक-दीड डेसिबलने खाली घेतात. कानाला वाटतं की सगळं वाढतंय. प्रत्यक्षात ट्रॅक बारीक, अरुंद आणि हलका होत गेलेला असतो. मग अर्धा बार किंवा एखादाच ठोका शांतता. आणि मग किक, सब (सर्वांत खालचा बेस) आणि रुंदी एकदम परत.

म्हणजे ड्रॉपच्या क्षणी नवीन असं फारसं काही येत नाही. नेलेलं परत मिळतं.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण 2013 सालचं आहे. मार्टिन गॅरिक्स या सतरा वर्षांच्या डच मुलाचा 'अ‍ॅनिमल्स' त्या वर्षी जूनमध्ये आला आणि पुढचा बराच काळ जगातल्या मोठ्या स्टेजवर तोच वाजत राहिला. हेडफोन लावून तो एकदा फक्त मोजण्यासाठी ऐका. बिल्ड-अपमध्ये थर आहेत, चढत जाणारे आवाज आहेत, गर्दी आहे. मग सगळं थांबतं, एक बोललेली ओळ येते आणि ड्रॉप पडतो. त्या ड्रॉपमध्ये आहे काय? एक जाड किक आणि लाकडावर टकटक केल्यासारखी एक छोटी धून. कॉर्ड जवळजवळ नाहीतच. ड्रॉप हा बिल्ड-अपपेक्षा रिकामा आहे, आणि म्हणूनच मोठा वाटतो, कारण मोठ्या मैदानावर किक आणि तिची शेपूट यांना पसरायला मोकळी जागा मिळते. त्यानंतर शेकडो नकला झाल्या. त्यांतल्या बहुतेकांनी टकटक उचलली आणि मोकळी जागा भरून टाकली.

दुसऱ्या प्रकारचा मोठा ड्रॉप 2011 सालच्या अवीचीच्या 'लेव्हल्स'मध्ये सापडतो. तिथे ती प्रसिद्ध धून सुरुवातीपासूनच कानावर येते. मधे सगळं ओसरतं, एटा जेम्सचा जुना आवाज येतो, आणि मग तीच धून परतते. आश्चर्याचा इथे संबंध नाही, ओळखीची गोष्ट परत भेटल्याचा आनंद आहे. हे दोन प्रकार वेगळे ओळखायला शिका, कारण फ्लोअरवर त्यांचं काम वेगळं असतं. 'अ‍ॅनिमल्स'सारखा ड्रॉप अंगाला धक्का देतो आणि लगेच विझू शकतो. 'लेव्हल्स'सारखा ड्रॉप लोकांना गायला लावतो आणि त्यानंतर ते बराच वेळ तुमच्याबरोबर राहतात. एका तासात पहिल्या प्रकारचे सहा वाजवलेत तर चौथ्यापासून लोक वळणारच.

लोकांच्या शरीरात यावेळी काय होतं यावर चांगलं संशोधन झालं आहे. माँट्रियलमध्ये व्हॅलरी सलिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली दाखवलं की आवडत्या संगीतात अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन स्रवतं, आणि ते दोन टप्प्यांत: उत्कट क्षण जवळ येत असताना मेंदूच्या एका भागात आणि प्रत्यक्ष त्या क्षणी दुसऱ्या भागात. त्या प्रयोगातलं संगीत ऐकणाऱ्यांनी स्वतः निवडलेलं होतं, क्लबमधलं नव्हतं, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा ड्रॉपला चिकटवू नये. पण वाट बघणं हाच सुखाचा वेगळा भाग असतो, हे फ्लोअरसमोर उभ्या असलेल्या प्रत्येक डीजेला दिसतं. बिल्ड-अपमध्ये वर गेलेले हात ड्रॉपच्या आधीचे असतात.

दुसरा प्रयोग मला अधिक कामाचा वाटतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ऑर्फिक्स या इलेक्ट्रॉनिक जोडीचा खराखुरा कार्यक्रम ठेवला होता, लोक तिकीट काढून नाचायला आले होते. तिथे अतिशय खालच्या कंप्रतेचे खास स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू आणि बंद केले गेले. त्यांचा आवाज कानाला जाणवेल असा नव्हता. तरी ते चालू असताना लोकांची हालचाल सरासरी 11.8 टक्क्यांनी वाढली. हे 2022 साली प्रसिद्ध झालं. आपल्या धंद्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. तळाचा बेस शरीर आपोआप ऐकतं, माणसाने लक्ष दिलं नाही तरी. म्हणून तुमच्या मिक्सरवरचा लो ईक्यूचा, म्हणजे बेस कमी-जास्त करणारा, खटका हा कुठल्याही इफेक्टपेक्षा मोठा आहे. तो फुकट वाया घालवू नका.

आपल्याकडे हा विषय निघाला की कुणीतरी तिहाई आणि समेचं नाव काढतोच. साम्य आहे. तबलावादक तिहाई घेतो तेव्हा सभागृहात माना हलायला लागतात, समेवर दाद येते, आणि वाट बघण्याचं सुख तिथेही आहेच. पण यंत्रणा जवळजवळ उलटी आहे. तिहाई ऐकणाऱ्याच्या हातात गणित देते: तीनदा तेच, आणि तिसऱ्याचा शेवट समेवर. ऐकणारा मोजत असतो आणि आपला हिशेब बरोबर आला म्हणून खूश होतो. बिल्ड-अप मोजणी हिरावून घेतो. किक गेली की ठोका गेला, स्नेअरचे ठोके एकमेकांत मिसळले की उरलेला आधारही गेला. दुसरा फरक असा की समेवर पोहोचून आवर्तन पुढे चालू राहतं, सम पुन्हा येणारच असते. ड्रॉपपासून मात्र एक नवी स्थिती सुरू होते आणि ती निदान अर्धा मिनिट टिकवावी लागते. तालाची समज असलेले आपले पोरगे बिल्ड-अप छान कापतात, पण पोहोचलो की काम संपलं असं समजतात, त्याचं एक कारण मला हे समेचं शिक्षण वाटतं.

आता इतिहासाकडे येतो, कारण त्यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. ड्रॉप आधी डीजे आणि मिक्स करणाऱ्याच्या हातात होता, ट्रॅकमध्ये तो नंतर कोरला गेला.

न्यूयॉर्कमध्ये 1974 च्या सुमारास टॉम मोल्टन गाणी लांबवून नाचण्याजोगी करत असे. डॉन डाउनिंगचं 'ड्रीम वर्ल्ड' लांबवताना त्याची पंचाईत झाली: गाण्याची पट्टी मध्येच वर सरकत होती, त्यामुळे पुढचा भाग मागच्याला जोडला की सूर विसंगत वाटायचा. त्याने सुरातली सगळी वाद्यं काढून टाकली आणि थोडा वेळ नुसता ताल ठेवला. कान पट्टी विसरला, आणि मग वाद्यं एकेक करून परत आली. जोड झाकण्यासाठी केलेली ही युक्ती पुढे डिस्कोचा ब्रेक म्हणून रूढ झाली, कारण नाचणाऱ्यांना नेमका तोच भाग हवा झाला. त्याच शहरात पॅराडाइज गराज या क्लबमध्ये डीजे लॅरी लेव्हान चालू गाण्यातला बेस क्रॉसओव्हरवरून (आवाजाचे खालचे-वरचे पट्टे वेगळे करणाऱ्या यंत्रावरून) काढून घ्यायचा, फ्लोअरला ताटकळत ठेवायचा आणि स्वतःला योग्य वाटेल तेव्हा परत सोडायचा. तो ड्रॉप त्या रात्रीपुरता, त्या लोकांसाठीच असे. किंग्स्टनमध्ये किंग टबी डबच्या, म्हणजे रेगे गाणी सोलून नव्याने केलेल्या, मिक्समध्ये फेडरने (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीने) हेच करत होता: गाणं चाललंय, आवाज गेला, गिटार गेली, आणि अचानक ड्रम आणि बेस एकटेच समोर उभे.

जमैकाच्या साउंड सिस्टीममधून आणखी एक प्रथा लंडनला पोहोचली, ती रिवाइंडची. ड्रॉप पडला आणि लोकांना भयंकर आवडला, की ते ओरडतात, भिंतीवर थापा मारतात, आणि डीजे रेकॉर्ड हाताने मागे फिरवून ट्रॅक पहिल्यापासून लावतो. जंगल नावाच्या वेगवान लंडनी संगीतात हे होतं, पुढे दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनच्या पोरांनी उभ्या केलेल्या डबस्टेपमध्येही होतं. डबस्टेपचा वेग साधारण 140, पण स्नेअर बारच्या तिसऱ्या ठोक्यावर, त्यामुळे चाल निम्मी वाटते. डिजिटल मिस्टिक्झची मंडळी ब्रिक्स्टनमध्ये डीएमझेडच्या रात्री भरवत तेव्हा ड्रॉपला रायझर आणि गोंगाटाची गरजच नसे. काही सेकंद शांत सूर, आणि मग पोटात उतरणारा सब. तो ड्रॉप मोठा की लहान हे लोक ठरवत. दाद मिळाली तर रिवाइंड, नाही तर ट्रॅक पुढे. मला ही व्यवस्था आजही सर्वांत प्रामाणिक वाटते.

मग हे संगीत अमेरिकेत गेलं. 2010 साली अमेरिकी निर्माता स्क्रिलेक्सने जे केलं त्यात बेसचं वजन मधल्या कंप्रतांमध्ये चढलं, गुरगुरणारं, किंचाळणारं झालं. यावर नाकं मुरडणारे खूप होते, आजही आहेत. पण त्यामागे एक व्यवहार होता: 50 हर्ट्झचा सब लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, मधला गुरगुराट येतो. ज्या पिढीने हे संगीत घरी, व्हिडिओवर ऐकलं, तिला ड्रॉप ऐकू येण्यासाठी तो वर सरकणं भागच होतं. फेब्रुवारी 2013 मध्ये बाउअरच्या 'हार्लेम शेक'चे व्हिडिओ जगभर पसरले. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ: निम्म्या वेळात एकटा माणूस नाचतोय, ड्रॉप पडतो, पुढच्या क्षणी अख्खी खोली वेडी झालेली. त्याच महिन्यात बिलबोर्डने यूट्यूबवरची दृश्यं आपल्या हॉट 100 मध्ये धरायला सुरुवात केली आणि हा ट्रॅक थेट पहिल्या क्रमांकावर आला. त्या वर्षापासून ड्रॉप हा अर्ध्या मिनिटात दाखवण्याजोगा प्रसंग झाला. नाचणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याचा विचार करून ट्रॅक बनू लागले, आणि डीजेच्या हातून सूत्रं सुटली.

आपल्या शेजारी गोव्यात याच्या अगदी उलट परंपरा वाढली, हे विसरू नये. हणजूणच्या किनाऱ्यावर 80 च्या दशकात डीजे कॅसेटवर आणि पुढे 90 च्या दशकात डॅट या डिजिटल टेपवर वाजवत, कारण उन्हात आणि दमटपणात रेकॉर्ड टिकत नसत. डॅटवर वेग जुळवायची सोय सहसा नसे, म्हणून ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी ठोक्याविना लांब पट्टे ठेवले जात, म्हणजे एकातून दुसऱ्यात जाता येई. तीस सेकंदांचा बिल्ड-अप आणि एक मोठा ड्रॉप असं तिथे चालतच नसे. ताण अख्ख्या रात्रीवर पसरलेला असायचा, आणि सूर्य वर आला की संगीत गडदातून उजेडात जायचं. गोवा गिलसारखा माणूस चोवीस-चोवीस तासांचे सेट वाजवत असे. इतक्या लांब पल्ल्यात तासाला सहा ड्रॉप कोण ऐकेल? कांदोळीला 2007 साली सनबर्न हा महोत्सव सुरू झाला आणि तेव्हापासून आपल्याकडच्या बहुतेकांनी इलेक्ट्रॉनिक संगीत मोठ्या स्टेजवर, तासाभराच्या सेटमध्येच ऐकलं. 2016 मध्ये तो पुण्याजवळ केसनंदला आला तेव्हा तर रात्री 10 च्या मर्यादेचाही प्रश्न आला. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, काही ठरावीक दिवसांना सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं एवढंच. म्हणजे उघड्या मैदानावर पीक टाइम, म्हणजे सर्वांत जोराचा तास, येतो रात्री साडेआठला, आणि सुरुवातीचा वॉर्म-अप होतो भर उन्हात. वेळ कमी, म्हणून प्रत्येक जण आपल्या तासात जास्तीत जास्त ड्रॉप कोंबतो. तुम्ही ज्या फेस्टमध्ये वाजवता तिथेही हेच गणित असणार.

म्हणून आता कामाच्या गोष्टी. तासाभराच्या सेटमध्ये मी खरोखर मोठे म्हणावेत असे ड्रॉप तीनच धरतो. पहिला विसाव्या मिनिटाच्या आसपास, दुसरा पस्तिसाव्याला, तिसरा शेवटच्या दहा मिनिटांत. बाकी ट्रॅकमध्येही ड्रॉप असतातच, पण ते लहान: आठ बारांचा ब्रेक, बेस गेला, बेस आला, चाल मोडत नाही. आयोजकाला एनर्जी हवी असते ती या मधल्या भागात टिकते. त्याला वाटतं ड्रॉप कमी झाले म्हणून एनर्जी गेली. बहुधा दोन ड्रॉपच्या मधला भाग ढिला पडलेला असतो.

ड्रॉपनंतरचा दीड मिनिट कसा सांभाळायचा ते जरा बारकाईने सांगतो. फेस्टिव्हलसाठी बनलेल्या ट्रॅकची रचना साधारण अशी असते: इंट्रो, ब्रेकडाउन, बिल्ड-अप, ड्रॉप, दुसरा ब्रेकडाउन, दुसरा ड्रॉप, आउट्रो. नवा डीजे अख्खा ट्रॅक वाजवतो. म्हणजे लोक अर्धा मिनिट नाचले की त्यांना पुन्हा मिनिटभर उभं करतो. शरीर तापलेलं असताना ते थांबवणं हाच फ्लोअर रिकामा करण्याचा खात्रीचा मार्ग आहे. दुसरा ब्रेकडाउन वाजवूच नका. पहिला ड्रॉप पडला की पुढचा ट्रॅक तयार असला पाहिजे, आणि तो किक-बेसवर सलग चालणारा, हाय-हॅट झांजा आणि टाळ्यांनी भरलेला, फार बोलका नसलेला ट्रॅक असावा. ड्रॉपच्या नवव्या बारवर तो आत आणा, पण त्याचा लो पूर्ण बंद ठेवून. सोळाव्या बारच्या शेवटी पहिल्याचा लो बंद आणि दुसऱ्याचा चालू, दोन्ही हात एकाच ठोक्यावर. पहिल्याची धून अजून वर ऐकू येत असते, खाली मात्र जमीन बदललेली असते. आठ बारांत पहिला पूर्ण बाहेर. ड्रॉप छोटा असेल आणि वेळ पुरत नसेल, तर त्याच्या शेवटच्या चार-आठ बारांवर लूप टाका. हे पाच-सात जोड्यांवर घरी बसवा. कुठल्या ड्रॉपनंतर कुठला ट्रॅक हे तुम्हाला झोपेतही आठवलं पाहिजे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट गेनची, म्हणजे ट्रॅकच्या पातळीची. ब्रेकडाउनमध्ये बेस नसतो, त्यामुळे बूथमध्ये आवाज कमी वाटतो आणि हात पातळी वाढवणाऱ्या ट्रिमकडे जातो. मग ड्रॉप पडतो तेव्हा मिक्सरचे लाल दिवे लागतात, पुढे सिस्टीमचा लिमिटर सगळं दाबून सपाट करतो, आणि एक मिनिट ज्याची वाट बघायला लावली तो ड्रॉप ब्रेकडाउनपेक्षा जेमतेम मोठा निघतो. खरं तर उलट करावं. बिल्ड-अपमध्ये फेडर अगदी किंचित खाली घ्या, लोकांना कळणारही नाही इतका, आणि पहिल्या किकवर पूर्ण वर. लिमिटरला हात न लावता ड्रॉप मोठा होतो. आवाज वाढवण्याच्या शर्यतीत कानांचंही नुकसान आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली अशा जागांसाठी सुचवलेली मर्यादा सरासरी 100 डेसिबलची आहे. छोट्या क्लबमध्ये ती सहज ओलांडली जाते आणि समोर उभी असलेली मुलं वीस-बावीस वर्षांची असतात. त्यांचे कान आपल्या भरवशावर असतात.

तिसरं, स्वतःच्या हाताने ड्रॉप बनवायला शिका. ज्या ट्रॅकमध्ये ड्रॉप नाही असा साधा हाउस ट्रॅक घ्या, आठ बार लो बंद ठेवा, शेवटच्या दोन बारांत थोडा रिव्हर्ब वाढवा, आणि फ्रेजच्या, म्हणजे बारांच्या पुढच्या गटाच्या, पहिल्या ठोक्यावर रिव्हर्ब बंद, लो चालू. फ्रेज चुकली तर सगळं फसतं, म्हणून सोळा आणि बत्तीस बारांची मोजणी अंगात मुरू द्या. त्यानंतर एका ट्रॅकचा बिल्ड-अप आणि दुसऱ्याचा ड्रॉप जोडा. लोकांना बिल्ड-अप ओळखीचा वाटतो, ते एका ड्रॉपची वाट बघतात आणि दुसराच पडतो. दोन्हींची पट्टी जुळायला हवी आणि दुसऱ्याच्या पहिल्या किकवर हॉट क्यू (थेट तिथून वाजवण्याची खूण) आधीच लावून ठेवायला हवा. ड्रम अँड बेसवाले 174 च्या वेगात दोन ट्रॅकचे ड्रॉप एकाच वेळी पाडतात. ते ऐकायला भन्नाट असतं, पण दोन्ही बेसलाइन एकमेकींना जागा देत असतील तरच. नाही तर नुसता चिखल होतो.

हे हाताने करण्याचं शिक्षण आपल्याकडे वरातीत आणि हळदीत वाजवणाऱ्या मंडळींकडे भरपूर आहे, आणि क्लबवाले त्यांच्याकडे बघत नाहीत याचं मला वाईट वाटतं. गाण्याचं ध्रुवपद आलं की तो माणूस आवाज बंद करतो, अख्खी गल्ली ओळ गाते, आणि शेवटच्या शब्दावर हलगी-संबळ सुटते. किती वेळ बंद ठेवायचं हे तो समोरच्या माणसांकडे बघून ठरवतो. गाणारे कमी असतील तर लगेच सोडतो, रंगले असतील तर दुसऱ्यांदा गायला लावतो. लेव्हान बेस सोडताना जसा फ्लोअरकडे बघायचा, तशीच ही नजर आहे.

वॉर्म-अपला वाजवत असाल तर मोठा ड्रॉप वाजवू नका, मग फ्लोअर कितीही भरलेला असो. तुमच्यानंतर येणाऱ्याला चढायला पायरी उरली पाहिजे. यात सौजन्य आहेच, शिवाय संध्याकाळी सातला पेटवलेला फ्लोअर साडेआठला थकलेला असतो. याबाबतीत आयोजकाचा आग्रह मोडून काढावा लागला तरी मोडा, नम्रपणे.

शेवटचं काम आजपासून सुरू करा. पुढच्या सेटला मिक्सरमधून रेकॉर्डिंग घ्याच, शिवाय फ्लोअरच्या मागच्या टोकाला एक साधा रेकॉर्डर ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्ही एकाच वेळी लावा. मागच्या रेकॉर्डिंगमध्ये तुम्हाला लोक ऐकू येतील: ड्रॉपवर ओरडणं, मग गाणं, टाळ्या, मग गप्पा. ज्या ठिकाणी गप्पा सुरू होतात ती वेळ लिहून ठेवा आणि त्या क्षणी मिक्सरमध्ये काय चाललं होतं ते बघा. जिथे दुसरा ब्रेकडाउन चालू असेल तिथे तो कापा. जिथे सोळा बारांच्या आत सगळं विरलं असेल तिथे त्या ड्रॉपनंतरचा ट्रॅक बदलून बघा, आणि तरीही तसंच झालं तर तो ड्रॉप पुढच्या यादीतून काढा. बहुतेक वेळा ट्रॅक बदलण्यावरच काम भागतं.